पुण्याहून खान्देशात परतल्यानंतरची तीन वर्षे: काय वाटले होते आणि काय वाट्याला आले

तापीकाठ

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की पुण्यातले बिऱ्हाड मोडून खान्देशात परत यावे का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे आणि इतरांचेही अनुभव एकत्र यावेत, म्हणून हा धागा काढतो आहे.

आम्ही जून २०२२ मध्ये चिखलीतील भाड्याचे घर सोडून जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आलो. मी संगणक क्षेत्रात नोकरी करतो. घरून काम करण्याची मुभा कायमची मिळत असेल तर पगार थोडा कमी घेईन असे मी कळवले आणि वरिष्ठांनी ते मान्य केले. मी, पत्नी, तेव्हा सात वर्षांचा असलेला मुलगा आणि गावी आधीपासून राहणारे आई-वडील असे पाच जणांचे घर झाले. निघताना मनात जे होते ते अगदी साधे होते. हिंजवडीला जाण्यायेण्यात जाणारे तीन तास वाचतील, भाडे वाचेल, मुलाला आजी-आजोबा आणि अंगण मिळेल, मळ्यातली भाजी घरात येईल आणि भाऊबंदांच्या कार्याला रजेचा अर्ज न करता उभे राहता येईल. यातले बहुतेक सगळे मिळाले. तरीही पहिले वर्ष आम्हा दोघांना फार जड गेले आणि त्याचे कारण उमगायला मला बराच वेळ लागला.

मी गाव ओळखत होतो ते दिवाळीचे, आखाजीचे म्हणजे अक्षय्य तृतीयेचे आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचे. पंधरा वर्षे मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून सकाळी दारात उतरत होतो. त्या वेळी आंघोळीचे पाणी तापलेले असे, माठ भरलेला असे, अंगणात सडा पडलेला असे आणि दुपारच्या ताटात कळण्याची भाकरी व भरीत असे. हा सगळा गावाचा गुण आहे असे मी धरून चाललो होतो. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येते आणि त्याची वेळ ठरलेली नसते. कधी पहाटे चारला येते, कधी रात्री अकराला. पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते. आधी नुसती फुसफुस होते, मग तोटी दोन-तीनदा गुरगुरते, मग गढूळ धार येते आणि ती सोडून दिल्यावर चांगले पाणी लागते. सदुसष्ट वर्षांची माझी आई शेजारच्या खोलीत गाढ झोपेत असली तरी ती फुसफुस ओळखून उठते, आधी प्यायच्या पाण्याचे हंडे फडके लावून भरते, मग ड्रम, मग टाकी. पंधरा वर्षांच्या सुट्ट्यांमध्ये मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात तिचा गुडघा सुजला, तेव्हा पाण्याचा दिवस माझ्याकडे आला आणि मग मला समजले, की मी ज्याला गावची निवांत सकाळ म्हणत होतो ती आईने रात्री उठून तयार केलेली असे.

आता आमच्या घराचे वेळापत्रक पाण्याच्या दिवसावर चालते. पाहुण्यांना बोलावणे, गोधड्या धुणे, माझ्या कामाच्या महत्त्वाच्या बैठका, सगळे त्या दिवसाकडे पाहून ठरते. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांमुळे गल्लीच्या शेवटच्या घरांना धार बारीक मिळते आणि त्यावरून दर खेपेला भांडण होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही साडेचारशे फूट बोअर केले. हिवाळा संपेपर्यंत पाणी होते, चैत्रात त्याने दम सोडला.

उन्हाळ्याबद्दल मी काही नवे सांगावे असे नाही, परंतु पुण्यात वाढलेल्या मुलांना हे माहीत नसते म्हणून लिहितो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि जळगाव सुमारे २०९ मीटरवर, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्यात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि अनेक दिवस तिथेच मुक्काम करतो. आजोबांचे घर धाब्याचे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्या आणि वर मातीचा थर असल्यामुळे दुपारी आतल्या खोलीत पंख्याशिवाय झोप लागत असे. ते घर पाडून २०११ साली सिमेंटचा स्लॅब टाकावा असा आग्रह माझाच होता आणि पैसेही पुण्याहून मीच पाठवले होते. धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकायला माणूस मिळत नाही, ही वडिलांची अडचण खरी होती. पण त्या स्लॅबखाली मे महिना काढायची वेळ माझ्यावरच येईल हे तेव्हा ध्यानीमनी नव्हते. दिवसभर प्यालेले ऊन तो रात्री दोन वाजेपर्यंत खाली सोडत असतो. आमचा पत्र्याचा कूलर दिवसाला चार बादल्या पाणी घेतो आणि पाणी पाचव्या दिवशी येते. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच मे महिन्यातले मुख्य काम असते. हवा कोरडी असेपर्यंत कूलर उत्तम चालतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हवा दमट झाली, की तो नुसता ओला वारा फेकतो.

पैशांचे थोडक्यात सांगतो. पुण्यात महिन्याला बावीस हजार भाडे जात होते, ते वाचले. पगारातली कपात, इन्व्हर्टर, बोअर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याच्या कार्यालयात हजेरी यांत त्यातला मोठा भाग गेला. लग्नसराईतले आहेर आणि मानपान हा खर्च मी मुळीच मांडला नव्हता. पहिल्या वैशाखात आम्ही एकवीस लग्नांना गेलो.

वीज जाते हे गृहीत होते आणि त्यासाठी इन्व्हर्टर होता. परंतु जूनच्या वादळात वीज गेली की इंटरनेट देणाऱ्याची चौकातली पेटीही बंद पडते, त्यामुळे घरात दिवे लागलेले असतात आणि जोडणी मात्र नसते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवून मी मार्ग काढला आहे. एकदा चालू बैठकीतून उठून मोटारसायकलवर बसस्थानकाजवळच्या टेकाडावर जाऊन अर्धा तास बोललो आहे.

आणि माणसांचे. पहिले आठ-नऊ महिने रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारत असे: "कवय उना?" (कधी आलास?) आणि लगेच "कवय जाशी?" (कधी जाशील?) आम्ही कायमचे आलो आहोत असे सांगितले की समोरचा क्षणभर थांबे आणि नोकरी गेली का, असे हळूच वडिलांना विचारी. वडिलांना ते फार लागत असे. पुण्याला गेलेला मुलगा हे त्यांच्या बोलण्यातले एक मानाचे स्थान होते आणि मी परत येऊन ते काढून घेतले, याचा विचार मी निघताना केला नव्हता. पुढच्या चैत्रात वरच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांचे निधन झाले, मी रात्रभर तिथे बसलो, सकाळी सरपण लावायला हात दिला आणि नंतर दारवर, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, बसायलाही गेलो. त्यानंतर दुसरा प्रश्न येईनासा झाला.

आम्ही परत जाणार नाही. वडिलांचे डोळे आता अधू झाले आहेत. संध्याकाळी त्यांचा हात धरून मळ्यापर्यंत जाणे मला शक्य होते, ही गोष्ट मी कशाशीही बदलणार नाही. परंतु कोणी विचारले, की जसे वाटले होते तसे आहे का, तर नाही असेच प्रामाणिकपणे सांगावे लागेल. आपापले अनुभव लिहावेत, विरुद्ध असतील तर जरूर लिहावेत.

वाकडमुक्कामी

फार मनापासून लिहिले आहे. आमचा निर्णय जवळपास झाला आहे. मूळ गाव चोपडा तालुक्यात, परंतु आजोबांच्या काळातच जमीन विकली गेली, त्यामुळे आता घर आणि दोन एकर घेऊन केळी लावावी असा विचार आहे. दोन्ही मुले पाचवीच्या आत आहेत. शेतीचे उत्पन्न आणि माझे घरून चालणारे काम, दोन्ही मिळून निभेल का, हे जाणकारांनी सांगावे.

केळीबाग

भाऊ, मी रावेर तालुक्यात केळी करतो आणि माझ्या आजोबांपासून घरात केळीच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऊतीसंवर्धित रोप घेतले तरी लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत अकरा-बारा महिने जातात आणि तोवर बाग फक्त घेत असते, देत काही नाही. रोपे, ठिबक, बेसळ (लागवडीच्या वेळचा खताचा पहिला हप्ता), पुढची खते, निंदणी, बुंध्याशी फुटलेली नको असलेली पिले कापणे, घडांना आधार, हे सगळे आधी खिशातून. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागले की कोवळ्या बागेवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग येतो. पानावर पिवळे पट्टे दिसले की ते झाड उपटून नष्ट करण्याशिवाय इलाज नसतो, कारण मावा तो रोग पुढच्या झाडावर नेतो. तीन महिने मुलासारखी वाढवलेली झाडे आपल्या हाताने उपटून बांधावर टाकणे काय असते ते एकदा करून पाहिल्यावरच कळते. त्यातून वाचले तर मे-जूनची वादळे. घड भरत आलेला असतो, झाडाचे डोके जड झालेले असते आणि तेव्हाच वारा येतो. दोन वर्षांपूर्वी वीस मिनिटांच्या वाऱ्यात माझी अर्धी बाग आडवी झाली. सकाळी बांधावर उभे राहिलो तर एकाच दिशेला झोपलेली सगळी झाडे दिसत होती आणि तुटलेल्या खोडांतून पाणी गळत होते.

भाव आपल्या हातात नसतो. बऱ्हाणपूरला काय बोली झाली यावर आमच्याकडे सकाळी भाव हलतो. पक्व घड झाडावर ठेवता येत नाही, त्यामुळे व्यापारी म्हणेल तेव्हा कापावा लागतो. शिवाय शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की तुम्ही मळ्यात, आणि सकाळी तुमची परदेशी लोकांशी बैठक. हे दोन्ही एका माणसाने करायचे म्हटले तर एक काम मरते आणि बहुधा शेतीच मरते, कारण पगार दर महिन्याला येतो. गावी येऊ नका असे मी म्हणत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इथली काळी माती आणि तापीचे पाणी यांचे मला मोल आहे. फक्त पहिली दोन वर्षे घराचा खर्च शेतीवर टाकू नका.

उधनापॅसेंजर

तापीकाठ भाऊ, तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. मनाला भिडले, परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही परत आलात, कारण परत येण्यासारखे काही मागे होते. घर होते, मळा होता, सातबाऱ्यावर नाव होते.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. १९९८ साली लग्न झाले आणि त्याच वर्षी आम्ही सुरतेला आलो. गावी जमीन दीर आणि सासरे यांच्यात मिळून अडीच एकर कोरडवाहू, आणि आमच्या भागात पाऊस कसा पडतो हे सर्वांना माहीत आहे. आमचे तेव्हाचे गणित असे होते, की पाच वर्षे यंत्रमागावर काम करायचे, पैसा जमवायचा, विहीर काढायची आणि परत जायचे. उधन्याला दहा बाय दहाच्या खोलीत राहिलो. यजमानांची बारा तासांची पाळी, आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची. मागाच्या आवाजाने त्यांना आता डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मी घरी साड्यांना टिकल्या लावत असे. पाच वर्षांनी आम्ही खरोखर पैसा घेऊन गावी गेलो आणि विहीर काढली. चाळीस फुटांवर खडक लागला आणि पाणी लागले नाही. त्या रात्री आम्ही दोघे भुसावळहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत स्थानकावर बसलो होतो आणि एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

आज आमचे दोन खोल्यांचे स्वतःचे घर आहे. मुलगा पदविका घेऊन नोकरीला लागला, मुलगी परिचारिका आहे. दोघे महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, तरी आपसांत गुजराती बोलतात आणि आमच्याशी अहिराणी. गावी जे कधीच झाले नसते ते इथे झाले, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीतही कानबाई बसते, पण रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, मात्र आम्ही गावीच जाऊन खातो, कारण रोट भाऊबंदांतच संपवायचे असतात. त्या शनिवारी नंदुरबार-दोंडाईच्याकडे जाणाऱ्या गाडीत उभे राहायला जागा नसते. सोमवारी कानबाईची बोळवण झाली, की त्याच गाडीने सगळे परत. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की गावी परतणे ही चांगल्या आयुष्याची वाट म्हणून कोणी सांगू लागले, तर आधी विचारावे की कोणासाठी.

पांझरा

मी धुळ्याची. लग्नानंतर नऊ वर्षे पुण्यात होते, तिथे एका शाळेत शिकवत होते. यजमानांनी परतायचे ठरवले तेव्हा मीही हो म्हटले होते, कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, हे आधी नोंदवते.

मला वाटले होते की सासू-सासरे मुलांकडे पाहतील आणि मला नोकरीसाठी मोकळीक मिळेल. प्रत्यक्षात आम्ही आलो तेव्हा सासूबाई सत्तरीच्या होत्या आणि इतकी वर्षे घर एकटीने ओढून थकल्या होत्या. सून आली म्हटल्यावर त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, आणि त्यात त्यांची काही चूक होती असे मी म्हणणार नाही. तापीकाठ यांनी पाण्याबद्दल जे लिहिले ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण बहुतेक घरांत आईकडून ते काम मुलाकडे येत नाही, सुनेकडे येते. पुण्याच्या सोसायटीत मला कोणी ओळखत नव्हते आणि तेव्हा त्याचे दुःख होते. इथे मी दारात रिक्षातून उतरले तर हातात कोणती पिशवी होती हे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळते.

गेल्या भाद्रपदात सासऱ्यांचे तोंड रात्री अचानक वाकडे झाले आणि उजवा हात गळाला. आम्ही तेव्हा गावच्या घरी होतो. जवळच्या रुग्णालयात त्या वेळी तज्ज्ञ नव्हते. तिथून शहरात नेण्याचे सांगितले गेले, गाडी मिळेपर्यंत तास गेला, मग तपासणीसाठी रांग. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला त्या रात्री डॉक्टरांकडून कळले आणि आम्ही ती वेळ ओलांडून गेलो होतो. सासरे वाचले, परंतु बोलणे अजून स्पष्ट होत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, परिस्थिती पूर्वीपेक्षा नक्कीच सुधारली आहे. तरी परतण्याचा विचार करणाऱ्यांनी घर पाहायच्या आधी, मध्यरात्री तिथून मेंदूचे स्कॅन करणाऱ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः गाडीत बसून मोजावे. हे मी कळकळीने सांगते आहे.

चांगले काय झाले तेही सांगते. सासऱ्यांचे बोलणे आम्हाला समजत नाही, पण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ते समजते. ती त्यांच्याशी अहिराणीत बोलते, ते अर्धा शब्द उच्चारतात आणि ती तो पुरा करते. पुण्यात राहिलो असतो तर तिला अहिराणी आली नसती.

जंक्शन

मी भुसावळला रेल्वेत छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे. पत्नी गेल्यानंतर मुलाने आग्रहाने पुण्याला नेले. नऊव्या मजल्यावर स्वतंत्र खोली, खिडकीतून डोंगर दिसायचा, सुनेने कधी काही कमी केले नाही. नातवंडांबरोबर दिवस जाईल असे मी धरले होते. नातू सकाळी आठला जायचा आणि पाळणाघरातून संध्याकाळी साडेसहाला यायचा, तेव्हा तो पेंगुळलेला असे. मधले दहा तास माझे. चौदा महिने राहिलो आणि मुलाला दुखवू नये म्हणून आणखीही राहिलो असतो, परंतु एके दिवशी लक्षात आले की मी सकाळपासून फक्त उद्वाहनातल्या पहारेकऱ्याशी बोललो आहे.

परत भुसावळला आलो, तेव्हा सगळे पूर्वीसारखे सापडेल असे वाटले होते. आमच्या वसाहतीतल्या कडुनिंबाखाली रोज संध्याकाळी आम्ही नऊ जण बसत असू. त्यांतले तीन वारले, चार मुलांकडे नाशिक, पुणे आणि नागपूरला गेले. आता आम्ही दोघेच बसतो. गाड्यांच्या आवाजाने मात्र रात्री झोप चांगली लागते. पुण्यात त्या शांततेत मला जाग येत असे. जागा तीच राहते, माणसे हलतात, हे नोकरीत इतकी वर्षे फलाटावर पाहूनही मला स्वतःच्या बाबतीत सुचले नाही.

तापीकाठ

उधनापॅसेंजर ताई, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते मी मूळ लेखनातच लिहायला हवे होते. वडिलांनी सातबारा राखला, घर राखले, म्हणून माझ्यासमोर निवड होती. आमच्याच गल्लीतले तीन जण सुरतेला आणि दोन जण वापीला आहेत. त्यांच्या घरांना कुलपे आहेत आणि पाण्याच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर इतरांचे ड्रम असतात. त्यांना मी परत या असे कधी म्हटलेले नाही, म्हणणारही नाही.

पांझरा ताई, तुमच्या लेखनानंतर मी रात्री पत्नीला विचारले, की आपल्याकडे आईचे कोणते काम तुझ्याकडे आले. ती म्हणाली, "मोजायला लागले तर तुम्हाला झोप येणार नाही." आम्ही बसून मोजले. पहाटेचे पाणी माझ्याकडे आले होते, म्हणून मला वाटत होते की भार वाटला गेला आहे. सासू-सासऱ्यांची औषधे, वडिलांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालणे, उन्हाळ्यातले बिबडे-पापड, दारवर येणाऱ्यांचा चहा, आल्या-गेल्याचे ताट, मुलाचा अभ्यास, हे सगळे तिच्याकडे होते आणि पुण्यातली तिची अर्धवेळ नोकरी सुटली होती ती वेगळीच. डोळ्यांचे थेंब आणि मुलाचा अभ्यास आता मी घेतला आहे. बिबड्यांचे घाटे मला हलवता येत नाही, परंतु ज्वारी दळून आणणे आणि गच्चीवर कापड अंथरणे जमते.

वडिलांसाठी रुग्णालयाचे अंतर मी काल खरोखर मोजले. दुपारी वाहतूक नसताना एक तास दहा मिनिटे लागली.

वाकडमुक्कामी

केळीबाग दादांचे सांगणे पटले. पहिली दोन वर्षे शेतीवर अवलंबून राहणार नाही. एक राहिले. आमच्या नावावर आता कुठेच शेतजमीन नाही, तर दोन एकर घेता येतील का? एक मध्यस्थ सातपुड्याच्या पायथ्याची स्वस्त जमीन दाखवतो आहे.

केळीबाग

घाई करू नका. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी घ्यावी लागते. आजोबांच्या जुन्या उताऱ्यांवरून काही सिद्ध होते का, हे आधी तलाठ्याकडे आणि चांगल्या वकिलाकडे तपासा. दुसरे अधिक महत्त्वाचे. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन स्वस्त सांगितली जाते तेव्हा ती आदिवासी खातेदाराची तर नाही ना, हे पाहा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय ती बिगर-आदिवासी माणसाला घेता येत नाही, आणि साध्या कागदावर व्यवहार करून ती ताब्यात घेणे हे त्या माणसाची भाकरी काढून घेणे आहे. असा मध्यस्थ भेटला तर त्याच्या सोबत चहासुद्धा घेऊ नका.

त्यापेक्षा दोन हंगाम कोणाची तरी बाग अर्धेलीने करा. माझी एक एकर कांदेबाग या वर्षी सप्टेंबरात लागेल. रात्रीची पाळी तुम्ही धरायची, खर्च आणि माल निम्मा. व्यवहार चोख कागदावर करू.

वाकडमुक्कामी

दादा, हे मला मनापासून आवडले. पत्नीशी बोलून आठवड्यात कळवतो. आम्ही दिवाळीत चार दिवस तिकडे येणारच आहोत, तेव्हा घरेही पाहून घेऊ.

तापीकाठ

दिवाळीत जरूर या, पण घर ठरवू नका. थंडी पडायला लागलेली असते, विहिरींना पाणी असते, माणसे खुशीत असतात. मीही गाव पंधरा वर्षे तसेच पाहत होतो. घर ठरवण्यासाठी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुलांना घेऊन या आणि निदान पंधरा दिवस राहा, म्हणजे पाण्याचे तीन दिवस तुमच्या वाट्याला येतील. आमची मागची खोली रिकामी आहे. तिला स्लॅबच आहे, कूलर नाही, तो आपण दुसऱ्या खोलीतून हलवू. काम करायला टेबल देतो आणि दुसरे सिमकार्डही देतो. वहिनींना आधी एकदा माझ्या पत्नीशी फोनवर बोलू द्या, आम्ही दोघे समोर नसताना. येण्याआधी दोन दिवस कळवा, म्हणजे तुमच्यासाठी एक ड्रम जास्तीचा भरून ठेवतो.